अजून एक ऊन

पहिली गोष्ट: चालू करून बघायचं नाही.
हात थरथरत असताना हेच नेमकं आठवत नाही.
पडद्यावर अजून 'संपर्क तुटला' लिहिलेलं,
आणि मुडावदला, पांझरा तापीत शिरते तिथं,
पाणी इतकं सपाट
की त्यात कधी काही पडलंच नसावं.

नरडाण्याचा नवरदेव आणि ती काठावर तशीच उभी,
ओढणी वाऱ्यावर उंच धरून,
कारण मी 'थांबा' म्हणालो होतो
आणि 'झालं' म्हणालोच नव्हतो.

धुडकू भोई जाळं सोडून आला.
"काय बुडनं रे भाऊ?"
सव्वा लाख, मी म्हणालो.
मग म्हणालो, पाखरू. चार पंख, एक डोळा.
तो हसला नाही.
म्हणाला, कुठं पडलं तिकडं बोट दाखव,
आणि मी वर येईपर्यंत बोट हलवू नको.

तेवढंच काम होतं मला. खांद्याला कळ लागली.

एकदा गेला, ओंजळभर गाळ आणला.
दुसऱ्यांदा एक गाडगं,
तोंडाला लाल फडकं बांधलेलं, गाठ अजून घट्ट.
ते त्यानं कपाळाला लावलं
आणि काही न बोलता परत खाली सोडून आला.
तिसऱ्यांदा बराच वेळ आला नाही.

"अठे शे तुनं पाखरू.
जित्तं शे का नई, ते तू देख."
पाचशेची नोट त्याच्या ओल्या हाताला चिकटली,
त्यानं ती सोलून परत दिली.
"मन्ही नाव वरतून कशी दिसस,
ती दखाड एक दिन."

बेटावदला येईपर्यंत मांडीवर धरून बसलो,
मोटारसायकलवर मागे, टॉवेलात,
आणि ते माझ्या पँटवर गळत राहिलं.

बॅटरी आधी काढली. फुगली नव्हती,
तरी अंगणात लांब, वाळूच्या घमेल्यात,
आजारी माणसाचं ताट वेगळं ठेवावं तशी ठेवली.
पाण्यापेक्षा गाळ वाईट.
इन्व्हर्टरवाल्याकडचं शुद्ध पाणी, मेडिकलातलं स्पिरिट,
जुना टूथब्रश.
अकरा स्क्रू वर्तमानपत्रावर, प्रत्येकाभोवती पेनानं गोल.
नंतर मोजले तर गोल बारा.

गल्लीतला जो तो म्हणाला, तांदळात ठेव.
आई गच्चीवर बिबडे घालत होती,
ओल्या धोतरावर ज्वारीचे पांढरे चंद्र.
"तांदूळ कशाला? आपलं ऊन मेलंय का?"
तिनं एका ओळीतून चार बिबडे सरकवले,
मग प्लास्टिक हाताला लागलं तसं म्हणाली,
खाटेखाली ठेव, सावलीत. झळ पुरे.

दुसऱ्या दिवशी हात शिवशिवला.
वरून कोरडं खडखडीत होतं.
"वरून वाळलं म्हणजे वाळलं का?
काठ उचल, पोट बघ."
ती बिबड्याबद्दल बोलत होती.
मी भिंगातून पाहिलं: काचेच्या आत
धुक्याचा एक ठिपका, मोहरीएवढा.
"अजून एक ऊन," आई म्हणाली.

मेमरी कार्ड मात्र त्या रात्री वाचलं गेलं.
फाईल तुटलेली, पहाटेपर्यंत जोडत बसलो.
ओढणी. दोन माणसं.
मग सगळं कलतं, आणि कोपऱ्यातून
धुडकूची नाव येते, दाण्याएवढी,
मग शेंगेएवढी, तळाशी पाणी साचलेली,
मग तो स्वतः, मान वर करून,
बघतोय माझ्याकडे.

मग हिरवं. सात सेकंद.
बुडबुडे वर जातात, उजेड वर राहतो,
आणि गाळात काहीतरी लाल
वाऱ्यावर हलावं तसं हलतं.

ते मी कापलं. पुसलं नाही, वेगळं ठेवलं.
कुणाचं असेल, माहीत नाही.

चौथ्या दिवशी नवी बॅटरी लावली.
तीन पंखे फिरले. चौथा करकरला,
आत तापीचा एखादा कण असावा,
आणि थांबला.

आईनं बिबडे डब्यात भरले, डबा हलवून आवाज ऐकला.
मी मोबाईल खिशात टाकला,
नावेपर्यंतचाच तुकडा त्यात,
आणि मुडावदला निघालो.